कुशाआत्याची नसलेली भांडी

लग्न होऊन मी डिंगोऱ्यात आले तेव्हा माझ्याजवळ बी.कॉम.ची पदवी होती आणि ती कुणालाच नको होती. सासरे भिमाजी आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "सून शिकल्याली हाय आमची," आणि लगेच मला चहा टाकायला पिटाळायचे. पदवीचा कागद पेटीत साड्यांच्या खाली पडून होता. तो बाहेर काढायला लावला तो शेजारच्या कुशाबाईने. तिला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं.

सगळं गाव तिला कुशाआत्या म्हणे. अंगाने बेताची, आवाजाने दांडगी. नवरा गेणू तरणाच गेलेला, एकुलता मुलगा गोरख भोसरीला कारखान्यात. घरात ती एकटी, आणि मागच्या खोलीत गावाची भांडी.

ही भांडी काय ते आधी सांगायला हवं. लग्न असो, बारसं असो की दहावा, पंगत म्हटली की मोठाली पातेली, हंडे, पराती, कढया लागणारच. पूर्वी ती ओतूरहून भाड्याने आणत. कुशाआत्याच्या नणंदेच्या लग्नात भांडीवाल्याला पुढचं लग्न गाठायचं होतं. शेवटची पंगत बसलेली असताना त्याने पातेली मागितली, आणि उरलेला भात पत्रावळ्यांवर ओतून घ्यावा लागला. ते कुशाआत्याच्या मनाला लागलं. त्यानंतर गावात लग्न ठरलं की ही त्या घरी हजर. "आहेरात धा स्टीलचे डबे येत्याल तुमाला. येक हंडा गावाला दिला तर काय बिघाडतंय?" माणसं आधी हसली, मग टाळायला लागली, मग द्यायला लागली. पुढे पुढे वारलेल्या माणसाच्या नावानेही भांडी येऊ लागली. मी आले तोवर खोली पितळेने, तांब्याने भरली होती.

कुणालाही भांडी फुकट मिळत. अट एकच, चिंच लावून लख्ख घासून परत करायची. आमच्या लग्नाच्या सत्यनारायणानंतर मी एक परात घासून परत द्यायला गेले. कुशाआत्याने आतून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्ये काय घासलंय? मांजरानं चाटल्यावानी!" मी परत गेले, परत घासली, परत आणली. तिने परत पाठवली. आपण बी.कॉम. आहोत हे ओरडून सांगावंसं मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा वाटलं. तिसऱ्यांदा तिने परात घेतली आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी रागाने तो तिथेच खाल्ला, आणि आमची जी मैत्री जमली ती जमलीच.

मग एकदा ती माहेरी, निमगाव साव्याला जाऊन आली आणि गप्पच झाली. ही बाई गप्प म्हणजे गावात काहीतरी अघटित. दुपारी येऊन आमच्या पायरीवर बसली. तिच्या माहेरीही अशीच गावाची भांडी होती, एका भल्या माणसाच्या घरी. तो माणूस वारला, मुलं वेगळी निघाली, आणि भांडी दोघांनी वाटून मोडीत घातली. गाव बघत राहिलं.

"परतिभा, मी मेल्याव ही भांडी कुणाची गं?"

"गावाची," मी म्हणाले.

"आसं कुठं लिवलंय?"

"भांड्यांवर नाव घातलं असेल ना. चल, बघू."

आम्ही तिच्या मागच्या खोलीत गेलो. मी एक हंडा उजेडाकडे फिरवला आणि काठावरची अक्षरं वाचली, "कुशाबाई गेणू, डिंगोरे." पातेलं घेतलं. कुशाबाई गेणू. परात, कढई, घंगाळ, सगळीकडे कुशाबाई गेणू. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्या अक्षरांवरून ती चिंच फिरवत होती, ती अक्षरं गावाच्या नावाची आहेत असं तिला वाटत होतं.

तशीच उठून ती लंकाबाईच्या दारात गेली. पहिला हंडा लंकाबाईने दिलेला. "लंके, माजं नाव कुणी घातलं गं भांड्याव? चोर ठरीवलंस की मला!"

लंकाबाईला कळेचना की हिला चावलं काय. "आगं, नाव घालनारा इचारायला लागला, कुनाचं घालू? मी म्हनलं, कुशीचं घाल. तुजं नाव आसल्याव पंगतीत भांडं गायप व्हत न्हाई. कुनाची टाप हाय तुजं भांडं ठिवून घ्यायची?" लंकाबाईने घातलं म्हणून पुढच्यांनी घातलं. ओतूरच्या बाजारातला नाव घालणारा तर पुढे पुढे विचारायचाही थांबला होता. डिंगोऱ्याचं भांडं म्हटलं की मशीन लावून मोकळा. सगळ्या गावाने मायेपोटी तिला मालकीण करून ठेवलं होतं.

गोरखला मात्र वाचता येत होतं. शाळेत जायला लागल्यापासून तो त्या हंड्यांवर आईचं नाव वाचत होता. सुट्टीला आला तेव्हा विषय निघाला, तर तो अगदी सरळ मनाने म्हणाला, "आई, तुजं नाव हाय म्हंजी तुजंच. तुज्यामागं माजं. येवढ्या भांड्यांचं मी भोसरीत काय करू? मोडीत घालीन अन् मागची खोली पाडून सलॅब टाकीन." त्यात कपट काही नव्हतं. तो गेल्यावर कुशाआत्या माझ्याकडे आली. "तू शिकलीस नव्हं? मग कायतरी कागद कर. मी डोळे मिटायच्या आत ही भांडी माजी न्हाईत आसं कागदावं आलं पायजे."

माणसं वस्तू आपल्या नावावर करायला कागद करतात. ही उलटंच मागत होती, आणि माझ्या बी.कॉम.मध्ये त्यावर एक धडासुद्धा नव्हता.

आम्ही जुन्नरला एका वकिलांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मृत्युपत्र करा. भांडी गावाला, असं लिहा."

"मृत्युपत्रात आपलं लिवत्यात का दुसऱ्याचं?" कुशाआत्याने विचारलं.

"आपलं."

"मग न्हाई चालायचं."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला आणि तेव्हा कुठे नीट सांगायला बसले. संस्था काढा, म्हणाले. कायद्याच्या दृष्टीने संस्था हीच एक व्यक्ती. सभासद येतील, जातील, मरतील, संस्था राहते. वस्तू तिच्या नावावर असली की कुणा सभासदाच्या मुलाबाळांना त्यात वाटा मागता येत नाही.

"म्हंजी तिला सोताची लेकरं न्हाईत?"

"नाहीत."

"मग ब्येस हाय," कुशाआत्या म्हणाली. मी नंतर पुष्कळ कागद वाचले, पण संस्था म्हणजे काय हे मला त्या एका वाक्यात समजलं.

आता करायचं काय? निदान सात माणसं हवीत. संस्थेला नाव हवं, आणि ते दुसऱ्या कुणाचं असू नये म्हणून एकाला दोन पर्याय हवेत. उद्देश लिहायचे, नियमावली लिहायची, अध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरवायचे, सभा घेऊन तसा ठराव करायचा आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. कार्यालय म्हणून जे घर दाखवायचं त्या घरमालकाची संमती जोडायची. हे सगळं घेऊन पुण्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायचं. तिथे आधी संस्था म्हणून नोंदणी, मग त्याच संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून दुसरी नोंदणी. मी पदराच्या टोकाने घाम पुसत लिहून घेत होते. सचिव कोण होणार याची मला तोवर कल्पना नव्हती.

सात माणसं तर कुशाआत्याने चुटकीसरशी आणली. वकिलांनी नावं वाचली आणि कपाळाला हात लावला. सातही एकाच भावकीतली. "आजी, ही संस्था आहे का तुमचं घर?" मग ती नव्या दमाने निघाली आणि आळीआळीतून एकेक माणूस उचलून आणलं. डोंगराकडच्या वाडीतून भागू आला. त्या वाडीतली लग्नंही याच भांड्यांवर लागत, आणि खाचरातला पहिला तांदूळ ती माणसं न चुकता कुशाआत्याला आणून देत. लंकाबाई आली आणि गोजरबाईही आली. शेताच्या बांधावरून बोलणं बंद झालेल्या त्या दोघींनी एका कागदावर सह्या केल्या त्या एकमेकींकडे पाठ करून. नावासाठी गावातले सगळे देव सुचवून झाले. त्या नावांची मंडळं आधीच उदंड होती. शेवटी ठरलं ते 'पंगत सेवा मंडळ, डिंगोरे'. सातवी सही माझी. "सचिव हिला करा, घासून घ्यायला मी हाय," असं कुशाआत्या भर सभेत म्हणाली. कार्यालय आमच्याच घरी, म्हणून संमती भिमाजींची. त्यांनी आधी कुरकुर केली, मग सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून आल्यागेल्याला "सून सचिव हाय आमची" असं सांगायला लागले. चहा मात्र मीच टाकत होते.

नियम कुशाआत्याने सांगितले, मी लिहिले. भांडी मागायला आलेल्याला जात, भावकी, भांडण विचारायचं नाही. एका दिवशी दोन घरांना लागली तर आधी दुःखाचं घर, मग लग्नाचं. आणि ज्याच्या घरी भांडी राहतील त्या घराचा नंबर सगळ्यात शेवटी. या शेवटच्या नियमावर मी अडले. "अगं, सांभाळणाऱ्याला उलट आधी नको का?"

"सांबाळनाराचा हात पयला पोचतो, म्हनून शेवटी," ती म्हणाली.

वकिलांनी सांगितलेलं एक कलम तिला फार आवडलं होतं. संस्था बंद पडलीच तर तिची मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही, तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यायची. हे कलम ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची. मी वाचत असताना डोळे मिटून ऐकायची.

पहिली नोंदणी झाली. दुसऱ्या नोंदणीच्या चौकशीसाठी आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. अधिकारी मोठा समजूतदार माणूस. भांड्यांची यादी त्यांनी पाहिली, आम्ही एस.टी.तून नेलेली परात फिरवून नाव वाचलं आणि म्हणाले, "आजी, भांड्यांवर तुमचंच नाव आहे, मग सोपं आहे. तुम्ही ही सगळी संस्थेला दान दिली असं लिहून द्या. काम झालं."

माझा जीव भांड्यात पडला. मी पेन उघडून कुशाआत्याच्या पुढे शाईचा पॅड सरकवला. तिने हात पदराखाली घेतला.

"दान कसं देऊ सायेब? माजी न्हाईतच."

"अहो आजी, एक सही. त्याने तुमचंच काम होतंय."

"लंकीनं दिलं, भागूच्या बापानं दिलं, सोनीबाईनं लेकीच्या लग्नात दिलं. म्या दिलं म्हनून आंगटा केला तर त्यांनी काय दिलं?"

मला तिचा इतका राग आला की काय सांगू. एवढ्या खेपा, एवढे कागद, आणि काठावर येऊन ही बाई हट्टाला पेटलेली. अधिकाऱ्यांनी यादी पुन्हा हातात घेतली आणि म्हणाले, "बरं. ज्यांनी ज्यांनी दिली, त्यांच्याकडून लिहून आणा."

लिहून आणायचं म्हणजे डिंगोऱ्याचं घरन् घर. डोंगराकडच्या वाड्या पायी. आणि गावच्या ज्या लेकींच्या लग्नात भांडी आली, त्या दिल्या घरी. सोनीबाईची लेक आंबेगावात लोणीला दिलेली, तिच्याकडेही आम्ही जाऊन आलो. त्या फिरण्यात माझा राग कुठे गळून पडला कळलंच नाही. प्रत्येक घरात भांड्यामागे एक माणूस होतं. "ह्यो हंडा आमच्या थोरल्याच्या नावाचा," असं सांगताना बायका पदर डोळ्यांना लावत, आणि ते कुणीतरी लिहून घेतंय म्हणून आम्हाला जेवल्याशिवाय सोडत नसत. दानपत्रावर एक अंगठा उमटला असता तर ही सगळी माणसं पुसली गेली असती. गोजरबाईच्या सासऱ्याच्या नावाचं पातेलं लंकाबाईच्या मुलीच्या लग्नात पहिल्यांदा चुलीवर चढलं होतं, हेही त्यात निघालं. त्या दिवसापासून त्या दोघी बोलायला लागल्या, म्हणजे निदान भांडायला लागल्या.

शेवटी मी विचारलं, "आणि आत्या, यातलं तुझं काय?"

तिने कोपऱ्यातून एक लांब दांड्याचं पितळी वगराळं काढलं, आमटी वाढायचं. "ह्ये येवढं. म्या इकत आनल्यालं." त्यावर नाव नव्हतं. स्वतःच्या वस्तूवर नाव घालायचं तिला सुचलंच नव्हतं. ते मी यादीत शेवटी लिहिलं.

दरम्यान चावडीवर नोटीस लागली: कुणाची हरकत असल्यास मांडावी. गोरखने भोसरीहून निरोप धाडला की तो येणार आहे. तारखेच्या दिवशी तो आमच्या आधी कार्यालयात येऊन बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, खाली मान घालून. त्याने एक अर्ज दिला असता तर सगळं लांबणीवर पडलं असतं, आणि कुशाआत्याची तब्येत तेव्हा काही बरी नव्हती.

पुकारा झाला. अधिकाऱ्यांनी कागद वाचले आणि विचारलं, "कुणाची हरकत आहे?" गोरख उभा राहिला आणि आईकडे बघू लागला. तेव्हा कुशाआत्याच म्हणाली, "सायेब, माजा ल्योक हाय त्यो. त्याचं बी ऐकून घ्या. बोल बाबा, मी न्हाई रागवायची."

"हरकत न्हाई सायेब," गोरख म्हणाला. "पर... बापाचा चेहरा मला आठवत न्हाई. आईचं म्हनून माज्या घरात एक तरी भांडं असावं. एक द्या म्हनावं तिला. येकच."

कुशाआत्याचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "माजं आसतं तर समदी दिली आसती रं तुला." मग ती माझ्याकडे वळली. "परतिभा, वगराळं माजं हाय नव्हं? त्ये खोड यादीतनं."

मी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी ती ओळ खोडली, बाजूला सही केली, तिने अंगठा केला. गोरख वगराळं घेऊन भोसरीला गेला. आईकडून त्याला मिळालेलं तेवढंच.

यथावकाश प्रमाणपत्र आलं. आम्ही नाव घालणाऱ्याला अंगणात बसवलं आणि प्रत्येक भांड्यावरचं 'कुशाबाई गेणू' घासून काढून तिथे 'पंगत सेवा मंडळ' घातलं. कुशाआत्या समोर बसून होती. आपलं नाव पुसलं जाताना इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली आणि तिने पुष्कळांना घासायला परत पाठवलं.

ती गेली ऐन लग्नसराईत. दहाव्याचा दिवस आणि भागूच्या नातीच्या लग्नाचा दिवस एकच आला. भागू आदल्या दिवशी आला आणि गोरखला म्हणाला, "आदी दुःखाचं घर. तिनंच लिवल्यालं हाय. आमी बघू आमचं." मी नियमावली काढायच्या आत गोरख म्हणाला, "भागूदादा, भांडी ठिवनाराचं घर शेवटी, ह्ये बी तिनंच लिवलंय. घिऊन जा." आणि स्वतः हात लावून त्याने सगळी भांडी जीपमध्ये भरून दिली.

आता एवढ्या माणसांचा स्वयंपाक शिजवायचा कशात? गोरखने विचार केला नव्हता, मीही नाही. सकाळी नदीवरून विधी उरकून आलो, तर अंगणात बायका. लंकाबाई पातेलीभर भात घेऊन, गोजरबाई आमटी घेऊन, आळीआळीतून कुणी तपेलं, कुणी कढई, कुणी साधा कुकर. ज्या त्या घराने आपल्या चुलीवर रांधून आणलं होतं. अंगणभर लहानलहान भांडी, आणि प्रत्येकावर वेगळ्या घराचं नाव. डोंगराकडून लग्नघरचा भातही दुपारी आला. पंगती उठल्या, बसल्या, कुणाला काही कमी पडलं नाही. गोरखने पिशवीतून वगराळं काढलं आणि शेवटच्या पानापर्यंत आमटी त्यानेच वाढली.

माणसं पांगल्यावर तो वगराळं घासत बसला. चिंच लावून, आतून-बाहेरून. मग ते माझ्यापुढे धरलं. "सचिव वैनी, ह्ये लिवून घ्या. मंडळाला द्यायचंय."

"अरे, तुझ्याकडे आईचं तेवढंच आहे."

"म्हनूनच."

मी ते हातात घेतलं आणि आतून बोट फिरवलं. सवयच लागली आहे. दांड्यावर नवी अक्षरं हाताला लागली. दहाव्याच्या आधी ओतूरला जाऊन त्याने नाव घालून आणलं होतं: कुशाबाई गेणू.

मंडळाची भांडी आता आमच्या घरी असतात, म्हणजे आमचा नंबर शेवटी. दरवर्षी हिशेब तपासून पुण्याला पाठवते, मंडळातलं कुणी बदललं की तसा अर्ज करते, आणि परात मळकट आली तर परत पाठवते. पेटीतला कागद ज्या बाईने बाहेर काढायला लावला, तिचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि ते मला फेडायचेही नाहीत. मागच्या खोलीत एवढी भांडी आहेत, त्यात तिचं नाव आता एकाच वस्तूवर आहे, आणि ती वस्तू खरोखर तिची होती.